खुपरीचा माग

नमस्कार, श्रोतेहो.

नागपुरातल्या आमच्या जुन्या घरी माझी आजी दुपारी खिडकीपाशी बसून पितळी चिमट्याने पापणीचे आत वळलेले केस उपटीत असे, आणि काही आठवड्यांत ते पुन्हा उगवून डोळ्यांत टोचू लागत. लहानपणी पुन्हापुन्हा झालेल्या खुपरीच्या, म्हणजे ट्रॅकोमा या डोळ्यांच्या रोगाच्या, संसर्गाने पापणीच्या आत व्रण राहतात, ते आक्रसून पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासून दृष्टी जाते, हे मला फार उशिरा समजले.

हा रोग भारतात किती जुना आहे? पापणी मातीत टिकत नाही, त्यामुळे उत्खननापेक्षा ग्रंथांवरच आपली भिस्त आहे. सुश्रुतसंहितेत पापणीचे २१ रोग सांगितले असून त्यांतील ‘पोथकी’ म्हणजे तांबड्या मोहरीसारख्या, खाजणाऱ्या, स्रवणाऱ्या आणि दुखणाऱ्या पुळ्या. पोथकी म्हणजेच खुपरी, असे अनेक अभ्यासक मानतात. मला मात्र केवळ या वर्णनावर विसंबावेसे वाटत नाही, कारण पापणीवर पुळ्या इतर कारणांनीही येतात. अधिक वजनदार पुरावा त्याच यादीतल्या ‘पक्ष्मकोपा’चा आहे. त्यात पापणीचे केस डोळ्याला टोचतात, आणि त्यावर भुवईखालच्या कातडीचा जवाच्या आकाराचा तुकडा कापून केसाने टाके घालण्याची शस्त्रक्रिया दिली आहे. इतकी नेमकी शस्त्रक्रिया क्वचित दिसणाऱ्या दुखण्यासाठी कोणी बसवीत नाही. संहितेने हे दोन वेगळे रोग मोजले, यात नवल नाही. पुळ्या बालपणी येतात आणि केस टोचू लागतात ते कित्येक वर्षांनी. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या एबर्स पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितातही असे केस उपटण्याचे उपचार आहेत.

रोग्यांच्या पापणीतील पेशींमधले सूक्ष्म कण हालबर्श्टेटर आणि प्रोवाझेक या संशोधकांनी १९०७ साली जावात पाहिले, तर त्यामागचा जंतू वेगळा काढण्याचे यश १९५० च्या दशकात चीनमध्ये तांग फेइफान यांना मिळाले. भारताने १९६३ साली खुपरी नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून येथील खुपरीचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. त्यासाठी प्रामुख्याने दोन गोष्टी मोजतात: १ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी ५ टक्क्यांहून कमी मुलांच्या पापणीत दाणे असावेत, आणि १५ वर्षे व त्यापुढच्या माणसांत, आरोग्ययंत्रणेला ठाऊक नसलेले, आत वळलेल्या केसांचे रुग्ण हजारी दोनांहून कमी असावेत. सुश्रुताच्या यादीत वेगवेगळ्या पडलेल्या त्या दोन खुणा इथे एकत्र मोजल्या जातात.