गोणी पालथी होते तेव्हा

(दृश्य: सोसायटीचं गेट, ढकलगाडी, दोन डबे)

ओला कचरा एका डब्यात, सुका दुसऱ्यात. पुणेकरांना हे पाठ आहे. खरं काम सुरू होतं ते गाडी गेटबाहेर पडल्यावर.

गाडी ढकलणाऱ्या या ताई ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद. कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना बांधली. त्यातूनच पुढे ही संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरटी शुल्क आणि सुका माल विकून येणारे पैसे, एवढीच यांची कमाई. म्हणून पुढचं नीट बघा.

(दृश्य: वर्गीकरण, हात जवळून)

गोणी पालथी झाली. पुठ्ठा इकडे, रद्दी तिकडे. पाण्याची बाटली वेगळी, तिचं झाकण वेगळं. दोन्हींचं प्लास्टिक एक नाही, एकत्र वितळवलं तर माल बिघडतो. पिशवी मुठीत चुरगाळली की नुसत्या आवाजावरून यांना तिची जात कळते. हे कौशल्य कुठल्याही नियमावलीत नाही.

आता ही दुधाची पिशवी. कोपरा पूर्ण कापला, तर तो तुकडा इतका चिमुकला की वेचताना हाती लागतच नाही. नुसती चीर द्या, तुकडा लटकत राहू द्या. रिकामी झाली की उलटी करून धुवा, वाळवा. न धुतलेली पिशवी आंबते, आजूबाजूचा कागद भिजवते आणि सगळ्याच मालाचा भाव पाडते. तेलकट पुठ्ठ्याचंही तेच, त्याचा लगदा खराब होतो.

वेफर्सचं चकचकीत पाकीट सुक्यातच द्यायचं. पण प्लास्टिक आणि धातूचा थर सुटे करणं परवडत नाही, त्यामुळे भंगारवाला त्याकडे बघतही नाही.

(दृश्य: गाठ मारलेली काळी पिशवी)

ओला कचरा पिशवीत बांधून दिलात, तर ही गाठ कुणाला तरी हातानेच सोडावी लागते. थेट डब्यात ओता.

(दृश्य: लाल ठिपका)

डायपर, सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा, वर ठळक लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की पुडी उघडली जात नाही. गुंडाळून द्यायला केंद्राच्या २०१६ च्या नियमांनीही सांगितलं होतं. फुटकी काच, ब्लेड जाड कागदात, वर तसं लिहून. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो; न फोडता वेगळी द्या.

मिसळलेला कचरा वर्षानुवर्षं पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोत गेला, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. तो वेगळ्या चित्रफितीचा विषय.