रस्त्याचे वेळापत्रक

(म्हापशात नवोदित छायाचित्रकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो,

आपण या वर्गासाठी दिलेली छायाचित्रे मी गेले आठ दिवस पाहत होतो. त्यांत फोंतेन्यास या पणजीतील जुन्या वस्तीच्या पिवळ्या आणि निळ्या भिंती होत्या, शिंपल्यांच्या तावदानांच्या जुन्या खिडक्या होत्या, पणजीच्या चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक चौकटीत कुठेतरी एक माणूस होता. मात्र तो माणूस त्या वेळी तिथे का होता, हे सांगणारी छायाचित्रे फारच थोडी निघाली. भिंत आवडली म्हणून कॅमेरा उचलला गेला आणि माणूस योगायोगाने आत आला, असे बहुतेक ठिकाणी झालेले दिसते. स्ट्रीट फोटोग्राफीत हा क्रम उलटा व्हायला हवा, आणि तो उलटा करायचा तर कोणता रस्ता कोणत्या वेळी काय करतो, हे आधी ठाऊक असावे लागते. आज मी मुख्यतः याविषयीच बोलणार आहे.

प्रत्येक रस्त्याला स्वतःचे वेळापत्रक असते. आपल्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी कोणत्या बाजूने येतो, त्याच्या सायकलचा भोंगा ऐकून कोणत्या घराचे दार पहिल्यांदा उघडते, संध्याकाळी तो पुन्हा येतो तेव्हा ऊन कोणत्या भिंतीवर असते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? दुपारी जेवणानंतर दुकानांची दारे ओढली जातात आणि चारच्या सुमारास ती पुन्हा उघडू लागतात, तेव्हा दुकानदार पहिली पाच मिनिटे काय करतो, हे थांबून कधी पाहिले आहे का? मी स्वतः ही पाच मिनिटे अनेक वर्षे पाहत आलो आहे. कुणी दारात पाणी मारतो, कुणी देवाच्या तसबिरीसमोर उदबत्ती लावतो, कुणी नुसताच उंबऱ्यावर उभा राहून रस्ता न्याहाळतो. त्या वेळी गिऱ्हाईक नसते, म्हणून माणूस स्वतःच्या मुद्रेत असतो.

उजेडाचेही वेळापत्रक असते आणि ते जागेच्या रचनेवर ठरते. फोंतेन्यास आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी, पूर्वेच्या अंगाला वसलेले आहे आणि त्याच्या पलीकडे उरेची खाडी आहे. त्यामुळे तिथे सकाळचे ऊन खाडीच्या बाजूने गल्ल्यांत शिरते, आणि संध्याकाळी शहरात इतरत्र सोनेरी उजेड असताना तिथे टेकडीची सावली लवकर उतरते. संध्याकाळच्या उजेडाच्या अपेक्षेने पाच वाजता तिथे जाणारा छायाचित्रकार निराश होऊन परततो, आणि दोष कॅमेऱ्याला देतो. मे महिन्याच्या सुरुवातीला तर दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य गोव्यात अगदी डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. तेव्हा बाजाराच्या छपराखाली, जिथे जमिनीवरून परावर्तित झालेला उजेड चेहऱ्यांवर खालून येतो, तिथे जाऊन उभे राहावे.

रायबंदरच्या धक्क्याचे उदाहरण घेऊ. मांडवी नदीतील दिवाडी बेटावरून येणारी फेरीबोट उत्तरेकडून दक्षिणेकडे येते, म्हणून सकाळी तिच्यातील प्रवाशांच्या एका गालावर ऊन असते आणि दुसरा गाल सावलीत असतो. बोट टेकण्यापूर्वी काही क्षण सगळ्यांचे लक्ष एकाच दिशेला लागलेले असते, दुचाक्यांची इंजिने सुरू झालेली असतात, आणि फळी खाली येताच ही एकाग्रता मोडते. छायाचित्र त्या मोडण्याच्या आधीचे असते. पहिल्या दिवशी हे आपल्याला कळणार नाही; पाचव्या किंवा सहाव्या फेरीला कळेल. म्हणून माझी सूचना अशी आहे की सहा महिने नवे ठिकाण शोधू नये, एकच धक्का, एकच नाका किंवा बाजाराची एकच रांग धरावी आणि आठवड्यातून दोनदा तिथेच जावे.

आंरी कार्तिए-ब्रेसों या फ्रेंच छायाचित्रकाराचे नाव या विषयात टाळता येत नाही. ‘निर्णायक क्षण’ हे शब्द त्यांच्या नावाशी जोडले गेले आणि त्यातून अनेकांचा असा ग्रह झाला की हे काम केवळ चपळाईचे आहे. फ्रान्समधील इयेर या गावी १९३२ साली त्यांनी घेतलेले एक छायाचित्र पाहा: वरून दिसणारा वळणदार जिना आणि खालच्या रस्त्यावरून निसटून जाणारा एक सायकलस्वार. जिना, कठडा आणि रस्त्याची वक्र कड कुठे पळून जाणार नव्हती. यायचा होता तो सायकलस्वार. चौकट आधी पक्की करून माणसाची वाट पाहणे ही जशी कार्तिए-ब्रेसोंची रीत म्हणता येईल, तशीच ती बगळा पाण्यात उभा राहतो त्याचीही रीत आहे, आणि मांडवीच्या काठावर वाढलेल्या माणसाला ती परकी वाटू नये.

आता थोडे तंत्राविषयी, कारण वाट पाहून झाल्यावर क्षण आला आणि फोकस चुकला तर सगळे व्यर्थ जाते. ज्यांच्याकडे पूर्ण फ्रेमचा (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि २८ मिमीची लेन्स आहे, त्यांनी लेन्सचे छिद्र एफ/८ वर ठेवून फोकस अडीच मीटरवर हाताने पक्का करावा. मग साधारण दीड मीटरपासून दहा मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते आणि कॅमेऱ्याला फोकस शोधत बसावे लागत नाही. चालणाऱ्या माणसासाठी शटरचा वेग सेकंदाचा २५० वा भाग, धावणाऱ्यासाठी ५०० वा भाग धरावा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, आपोआप बदलू द्यावा. आपल्याकडे एक खास अडचण पांढऱ्या चर्चची आणि काळपट चिऱ्यांची असते. कॅमेऱ्याचे उजेडाचे मापन प्रत्येक दृश्याला मध्यम करड्या छटेकडे ओढते, त्यामुळे पांढरी दर्शनी भिंत मळकट येते आणि पावसाने काळवंडलेला चिरा फिका पडतो. पहिल्या ठिकाणी उजेड साधारण एक टप्पा (स्टॉप) वाढवावा, दुसऱ्या ठिकाणी तेवढाच कमी करावा. मोबाइल वापरणाऱ्यांनी पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही बांधून टाकावेत. पावसाळ्यात वातानुकूलित गाडीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढू नये, कारण काचेवर बाष्प धरते. आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, नाहीतर एका जुलै महिन्यात तिला बुरशी लागते.

रंगाविषयी मला जरा जास्त बोलायचे आहे. रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी भारताच्या रस्त्यांवर आयुष्यभर रंगीत छायाचित्रणाचा आग्रह धरला, आणि रंग ही येथील जगण्याची सजावट नसून त्याचा भागच आहे, हे त्यांचे काम पाहून पटते. गोव्यात मात्र रंग भिंतीवर इतका ठासून असतो की तो माणसाला गिळून टाकतो. पिवळ्याधमक भिंतीसमोरून लाल कपड्यातील माणूस गेला की आपण आनंदाने बटण दाबतो, पण त्या छायाचित्रात दोन रंगांची भेट होते, माणसाची भेट होत नाही. त्याऐवजी गणेश चवथीच्या आदल्या दिवसांतील माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारात जावे. तेथे सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंगे आणि नारळांचे घड यांचे रंग माणसांच्या हातांत असतात, निवडले जातात, नाकाशी धरून पारखले जातात. तेथे रंगाच्या मागे गेलात तरी शेवटी हातापाशीच पोहोचता.

आणि आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त आस्था आहे, तिच्याकडे येतो. अनेक वर्षांपूर्वी, याच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या एका वृद्ध बाईंचा फोटो मी काढला. मी कॅमेरा उचलताच त्यांनी हात वर केला होता. तो हात नकाराचा आहे हे मला त्या क्षणी कळले होते, तरीही मी बटण दाबले, कारण तो हात चौकटीत सुंदर दिसत होता. ते छायाचित्र पुढे लोकांना आवडले, आणि ज्याने त्याने त्या हाताचीच वाखाणणी केली. मला ते दरवेळी खुपत राहिले. वर्षभराने मी त्या बाईंना शोधून काढले, छायाचित्राची प्रत दिली आणि जे घडले ते सांगितले. त्यांनी प्रत उलटसुलट पाहिली आणि शांतपणे विचारले, ‘‘मागीर तेन्नाच कित्याक विचारूंक ना?’’ (मग तेव्हाच का विचारले नाही?) त्यानंतर ते छायाचित्र मी कुठेही दाखवलेले नाही.

फोंतेन्यासमधील काही रहिवाशांनी घरांवर ‘फोटो काढू नयेत’ अशा पाट्या लावल्या आहेत, त्या या प्रश्नापासून वेगळ्या नाहीत. लोक आपल्याच सोप्यावर निवांत बसू शकत नसतील, तर आपण त्यांच्या घराला देखावा करून टाकले आहे, हे मान्य करावे लागेल. आधी विचारले तर सहजपणा जातो, अशी तक्रार माझे विद्यार्थी करतात आणि ती काही प्रमाणात खरी आहे. पण एकाच जागी वारंवार जाणाऱ्याला हा पेच हळूहळू सुटतो. तिसऱ्या शुक्रवारी लोक ओळखतात, पाचव्या शुक्रवारी मागील वेळच्या प्रती मागतात, आणि दहाव्या शुक्रवारी आपल्या असण्याची कुणी दखलही घेत नाही. तेव्हा मिळणारा सहजपणा चोरलेला नसतो. मात्र नकार आला तर कॅमेरा खाली, यात कधीही अपवाद करू नये.

छायाचित्रांची निवड त्याच दिवशी करू नका. त्या दिवशीचे ऊन, गर्दी आणि धावपळ मनात ताजी असते आणि ती चित्रात नसली तरी आपल्याला दिसत राहते. तीन आठवडे थांबा, मग शंभरातून दोन किंवा तीन काढा, आणि उरलेली पुसण्यापूर्वी प्रत्येकात काय कमी पडले ते वहीत लिहा. माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेली नोंद आहे ‘‘एक पाऊल लांब राहिलो’’.

येत्या शुक्रवारी सकाळी सात वाजता आपण याच बाजारात, मिरच्यांच्या रांगेपाशी भेटू. प्रत्येकाने एकच लेन्स आणावी, आणि पहिला तासभर कॅमेरा पिशवीतच ठेवावा. सोबत वही असू द्या. कोण केव्हा येते, माल कोण उतरवते, पहिली विक्री कुठे होते आणि ऊन कोणत्या टोपलीवर कधी पोहोचते, हे त्या तासात लिहून काढायचे आहे.