मधुबाला: अनारकलीच्या पलीकडे

नमस्कार मंडळी. रेडिओवर मधुबालाबद्दल बोलायचं म्हणजे तशी पंचाईतच आहे. जिच्या चेहऱ्यावर अख्खा देश फिदा झाला तो चेहरा मला इथून दाखवता येत नाही, आणि आवाज म्हणाल तर तिची गाणी म्हणून आपण जी ऐकतो ती लताबाईंची, आशाबाईंची नाहीतर गीता दत्तची. मग उरते तिची गोष्ट, आणि ती तर सगळ्यांना पाठ. गरिबी, कडक बाप, दिलीप कुमारवरचं प्रेम, ते तुटणं, हृदयाला भोक, किशोर कुमारशी लग्न आणि ३६ व्या वर्षी मृत्यू. झालं. दरवर्षी फेब्रुवारी आला की व्हॉट्सअ‍ॅपवर हेच फिरतं, वर एक रडका इमोजी लावून.

मला आज या गोष्टीशी जरा भांडायचंय. खोटी आहे म्हणून नाही, खरीच आहे. पण तिच्यात मधुबाला फक्त सोसते, काम करताना दिसतच नाही. आणि या बाईने काय काम केलंय हो!

१४ फेब्रुवारी १९३३, दिल्ली. मूळ नाव मुमताज जहाँ. वडील अताउल्ला खान यांची तंबाखू कंपनीतली नोकरी गेली, पदरात पोरंबाळं, ते सगळा संसार घेऊन मुंबईला आले आणि या मुलीला स्टुडिओत उभं केलं. १९४२ च्या 'बसंत'मध्ये ती पहिल्यांदा दिसते तेव्हा वय नऊ. म्हणजे आपली पोरं चौथीच्या परीक्षेला बसतात त्या वयात घर चालवायची जबाबदारी हिच्या अंगावर. पाच वर्षांनी केदार शर्मांनी 'नील कमल'मध्ये राज कपूरसमोर हिरॉईन म्हणून घेतलं, वय चौदा. आज कोणी असं कास्टिंग केलं तर पोलीस केस होईल, आणि व्हायलाच पाहिजे.

मग १९४९ ला आला 'महल'. आता इथे रेडिओवाल्यांचा थोडा हात आहे म्हणून जरा रेंगाळते. खेमचंद प्रकाशांचं संगीत, 'आयेगा आनेवाला', गायलंय लताबाईंनी, पण तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! लोकांनी रेडिओ स्टेशनला पत्रांवर पत्रं पाठवली की ही कामिनी कोण बाबा, तेव्हा कुठे खरं नाव हवेवर सांगितलं गेलं. एका गाण्याने दोघी वर आल्या, पडद्यामागची लता आणि पडद्यावरची सोळा वर्षांची मधुबाला. दोघी बापाच्या घरासाठी राबणाऱ्या मुली. दोन-तीन वर्षांत 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाचा फोटोग्राफर जेम्स बर्क तिचे फोटो काढून गेला, आणि १९५२ ला 'थिएटर आर्ट्स' या अमेरिकन मासिकाने तिच्यावर लेख छापला, जगातली सगळ्यात मोठी स्टार आणि ती हॉलीवूडमध्ये नाही असा त्याचा सूर. वय १९.

आता ते भोक. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये एक भिंत असते, मधुबालाच्या त्या भिंतीला जन्मापासूनच भोक होतं. त्याने काय होतं, की शुद्ध होऊन आलेलं रक्त अंगभर जायच्या ऐवजी त्यातलं बरंचसं परत फुप्फुसाकडे ढकललं जातं, हृदयाला तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं, फुप्फुसातला दाब वाढत जातो, धाप लागते, माणूस थकतो. १९५४ ला मद्रासला 'बहुत दिन हुए'च्या शूटिंगला तिला रक्ताची उलटी झाली, तेव्हा हे प्रकरण किती मोठं आहे ते कळलं. आणि योगायोग बघा, त्याच १९५४ साली तिकडे अमेरिकेत मिनेसोटात डॉक्टर लिलेहाय यांनी अशाच भोकाचं ऑपरेशन पहिल्यांदा करून बघितलं, बाळाचं रक्त त्याच्या वडिलांच्या शरीरातून फिरवून, कारण ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन तेव्हा कुठे बाल्यावस्थेत. ते बाळ थोड्याच दिवसांत गेलं. म्हणजे उपाय जन्माला येत होता पण मद्रासपासून फार लांब. आज हेच भोक इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसतं, लहान असलं तर कधी आपोआप बुजतं, मोठं असलं तर वेळेवर बंद करता येतं. अंगणवाडी-शाळांमध्ये पोरांची तपासणी करायला डॉक्टर येतात ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमवाले, त्यांच्या यादीत हा आजार आहे. तर आई-बाबांनो, ती टीम आली की पोराला त्या दिवशी घरी ठेवू नका, एवढं बोलून मी पुन्हा सिनेमाकडे वळते.

तर आजार कळल्यावर तिने काय केलं? कामं घेतली! १९५८ हे एक वर्ष बघा फक्त. 'फागुन', 'हावडा ब्रिज', 'काला पानी', 'चलती का नाम गाडी'. एकात नाईटक्लबमधली एडना, एकात पेपरची रिपोर्टर, एकात पावसात गाडी बंद पडलेली श्रीमंत घरातली मुलगी. रक्ताच्या उलट्या होणारी बाई आहे ही, आणि पडद्यावर एका फ्रेममध्ये तरी थकवा दिसतोय का ते मला शोधून दाखवा.

आणि माझं मेन म्हणणं हेच आहे की मधुबाला कॉमेडीत सगळ्यात भारी होती. 'चलती का नाम गाडी'तलं 'एक लडकी भीगी भागी सी' आठवा. रात्रीचं गॅरेज, किशोर कुमार हातोडी-पाना वाजवत गाडीभोवती धिंगाणा घालतोय, आणि हिच्या तोंडी एक ओळ नाही. नुसती भिजलेली उभी. राग, मग हा वेडाय का अशी शंका, मग हसू दाबणं, आणि हे सगळं किशोर कुमारसारखा माणूस समोर असताना, जो एरवी कोणालाही फ्रेममध्ये उरू देत नाही! वर रिपेरिंगचे पाच रुपये बारा आणे न देताच निघून जाते, त्याच्यावर पुढे एक अख्खं गाणं झालं. तसंच गुरुदत्तचा 'मिस्टर अँड मिसेस ५५', त्यात आपल्या ललिता पवार तिची खडूस आत्या, आणि हिरोने काढलेली व्यंगचित्रं खरी आर. के. लक्ष्मण यांच्या हातची. बाईने शेवटी संसारच करावा असा त्या सिनेमाचा सूर आहे तो मला अजिबात पटत नाही, पण मधुबालाचं टायमिंग बघायला मी तो कितीदाही लावीन.

'मुगल-ए-आझम'बद्दल, म्हणजे तिच्या अनारकलीबद्दल, न बोलता सुटका नाही, माहितीये मला. ते शूटिंग वर्षानुवर्षं चाललं, साखळदंड खरेच जड होते, आणि मधल्या काळात 'नया दौर'चं लफडं झालं. बी. आर. चोप्रांना भोपाळकडे आउटडोअर हवं होतं, अताउल्ला खान मुलीला पाठवेनात, मग चोप्रांनी वैजयंतीमालाला घेतलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि दिलीप कुमारने साक्ष चोप्रांच्या बाजूने दिली. नातं तिथे तुटलं ते तुटलंच. बापाला सगळे व्हिलन ठरवतात, मला ते इतकं सोपं वाटत नाही. मुलीची तब्येत त्याला माहीत होती आणि अख्खं घर तिच्या कमाईवर होतं, म्हणजे काळजी आणि स्वार्थ एकाच माणसात होते. तर बोलणं बंद असलेली ही दोघं, दिलीप कुमार आणि मधुबाला, दिग्दर्शक के. आसिफच्या सेटवर जगातलं सगळ्यात नाजूक प्रेम करत होती, ते पिसाचं दृश्य आठवा. ५ ऑगस्ट १९६० ला मराठा मंदिरला सिनेमा लागला, दुर्गा खोटे जोधाबाई, आणि तिकिटासाठी लोकांनी रस्त्यावर मुक्काम ठोकले. एवढं करून त्या वर्षीचं फिल्मफेअर मिळालं 'घूँघट'साठी बीना रॉयला. मधुबालाला ते कधीच मिळालं नाही, आयुष्यात एकदाही!

त्याच वर्षी किशोर कुमारशी लग्न, मग लंडनला डॉक्टर, त्यांनी हात टेकले. पुढची नऊ वर्षं बहुतेक घरातच, बरीचशी माहेरी. कोण चुकलं, कोणी किती केलं हे एवढ्या वर्षांनी आपण कशाला ठरवायचं. २३ फेब्रुवारी १९६९ ला गेली. 'ज्वाला' नावाचा रखडलेला सिनेमा तर ती गेल्यावर १९७१ ला लागला.

नंतरचं तुम्हाला माहितीये. २००४ ला 'मुगल-ए-आझम' रंगीत होऊन आला आणि कॉलेजची पोरं बघायला गेली, २००८ ला पोस्टाचं तिकीट निघालं. आणि २०१० मध्ये सांताक्रूझच्या कब्रस्तानात जागा कमी पडते म्हणून तिची कबर काढली, रफीसाहेबांची, साहिरची पण. लोक चिडले, मी पण चिडले होते, पण मुंबईत जिवंत माणसाला जागा मिळत नाही तिथे मेलेल्यांचं काय घेऊन बसलात.

तर या रविवारी 'मुगल-ए-आझम' नका लावू, 'चलती का नाम गाडी' लावा, आणि गॅरेजमधल्या त्या गाण्यात किशोरकडे अजिबात न बघता फक्त तिच्याकडे बघा. कसं वाटलं ते मला कळवा. पुढच्या वेळी गीता बाली, तीसुद्धा अशीच हसवणारी, पस्तिशी गाठायच्या आत १९६५ ला देवीच्या रोगाने गेली. आता ऐकूया 'काला पानी'मधलं 'अच्छा जी मैं हारी', रफीसाहेब आणि आशाबाई.