गड उतरल्यावर

(दृश्य: राजहंसगड, उजाडताना. चढावर धावणारी मुलं.)

बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूरचा हा राजहंसगड. रविवारी पहाटे इथं गाड्या लागतात त्या भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या. कुणी खानापूरकडून आलंय, कुणी कंग्राळीहून. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच असल्यामुळं या भागात फौजेची ओढ घराघरांत आहे. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर धावायचं, बीमवर पुल-अप्स मारायचे, नऊ फुटी खड्डा ओलांडायचा. त्यासाठी ही मेहनत.

चढावर धाप लागते, म्हणून सगळ्यांचं लक्ष चढाकडं. आपण उतार बघू.

(दृश्य: उतार. संथ गतीत एका मुलाचे गुडघे आणि मांड्या.)

टाच टेकली. गुडघा वाकला. मांडीचा पुढचा स्नायू एकदा थरथरला, बघा. इथं हा स्नायू शरीराला पुढं ढकलत नाही, तो शरीराला अडवतोय. अडवायचं म्हणून तो आवळलेला आहे, आणि गुडघा वाकतोय म्हणून त्याच वेळी ताणलाही जातोय. आवळलेल्या अवस्थेत ताणलं जाणं, हे ज्या स्नायूच्या सवयीचं नाही, त्याच्या आत मोडतोड होते. प्रत्येक पावलाला थोडी थोडी.

ती डोळ्यांना दिसत नाही. स्नायूच्या प्रत्येक तंतूत एकामागं एक जोडलेले हजारो बारीक घटक असतात. त्यातले कमजोर घटक आधी ताणले जातात आणि आपली जागा सोडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एरवी सरळ दिसणाऱ्या त्यांच्या सीमारेषा वेड्यावाकड्या झालेल्या दिसतात. मग पेशीतल्या कॅल्शियमचा तोल बिघडतो, मोडलेलं उचलायला शरीराची यंत्रणा कामाला लागते, सूज धरते आणि आसपासच्या मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होतात. या सगळ्याला तास लागतात. म्हणून गडावर ही पोरं हसत खेळत आहेत.

(दृश्य: मंगळवार सकाळ, तालीम. पायऱ्या उतरणारा मुलगा, एक हात भिंतीला.)

आणि हा मंगळवार. रविवारी सगळ्यात पुढं होता तोच हा पोरगा. पायरी आडवी होऊन उतरतोय. "वस्ताद, खाली बसाय हुईना की," म्हणाला. मांड्या धरल्यात. हात लावला तरी कळ येते, पण गप पडून राहिलं तर काही नाही. दुखणं बहुधा दुसऱ्या दिवशी सुरू होतं, २४ ते ७२ तासांच्या मध्ये कुठं तरी शिगेला पोचतं आणि बऱ्याचदा पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत उतरतं.

तालमीत कुणालाही विचारा, "लॅक्टिक ॲसिड साठलंय" असं उत्तर येईल. मोबाईलवर ऐकलेलं असतं. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे या ॲसिडचं शरीरातलं रूप, साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. मंगळवारच्या दुखण्याशी त्याचा संबंध लावता येत नाही. सपाटीवर जोरात धावलं की लॅक्टेट भरपूर वाढतं. उतारावर धावलं की कमी वाढतं, आणि तरी पाय धरतात ते उतारानंच. थिओडोर हॉ या अमेरिकी अभ्यासकानं १९०२ सालीच लिहून ठेवलं होतं की हे दुखणं स्नायूच्या आतल्या फाटण्यातून येतं.

(दृश्य: हौदा. फावड्यानं माती उकरणारे दोन पैलवान.)

ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ही लाल माती. रोज उकरायची, पुन्हा सारखी करायची. नव्या पोराच्या हाती वस्ताद आधी फावडं देतात, आणि आम्हाला ते फार पटलं. कंबर, खांदे, मांड्या, सगळ्यांना काम मिळतं, पण माफक. मग बैठका, त्याही थोड्या आणि अर्ध्यावरच थांबवलेल्या. बैठक मारताना खाली जाणं हा गडाच्या उताराचाच प्रकार आहे, आणि जितकं खोल जाल तितका स्नायू जास्त लांब होऊन भार झेलतो.

(दृश्य: खानापूर तालुका, भात लावणी. चिखलात वाकलेल्या बायका.)

लावणीच्या पहिल्या आठवड्यात या मावश्यांच्या मांड्यांच्या मागं आणि कमरेत हेच होतं. त्यांना कुणी आराम करायला सांगत नाही.

(दृश्य: मालिश. तेलकट हात, पोटरी.)

मालिशनं दुखणं थोडं हलकं वाटतं, हे खरं. स्नायू ताणण्याच्या व्यायामानं फारसा फरक पडत नाही. थोडं चाललं, सायकल मारली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण यातलं काहीही गेलेली ताकद लगेच परत आणत नाही, आणि आमचं सगळं सांगणं या ताकदीबद्दल आहे. ताकद घटते ती दुखायच्या आधीच, गड उतरून होताच. आणि दुखणं थांबलं तरी ती पुरती आलेली नसते. मोडतोड जास्त असेल तर आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. या दिवसांत पाय नेमका कुठं पडतोय याचा अंदाजही चुकतो. "आता दुखत नाही" म्हणून पोरं पुन्हा वेळ लावून पळतात, आकडा मागं येतो, आणि घरी येऊन म्हणतात माझ्यानं होणार नाही. त्यांच्यानं होतं. स्नायू अजून बांधला जातोय, एवढंच.

एक गोष्ट मात्र थेट सांगायला हवी. पहिल्याच दिवशी पैजेवर शेकडो बैठका मारल्या, आणि नंतर लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच घडीला दवाखाना गाठायचा. मूत्रपिंडावर बेतू शकतं. दुखतंय म्हणून गोळी खाऊन उन्हात पळणंही मूत्रपिंडाला जड जातं.

(दृश्य: पुढचा महिना, तोच उतार, तीच मुलं.)

स्नायू एकदा या कामातून गेला की शिकतो. तेच काम दुसऱ्यांदा केलं तर दुखणं कमी, ताकदीची घटही कमी. पहिलं काम हलकं असलं तरी काही आठवडे त्याचा आधार मिळतो. म्हणून या तालमीत नव्या पोरांना पहिल्या रविवारी गडावर चालत चढवून चालतच उतरवतात. मग अर्धा उतार धावायचा, मग पुरा. बीमवरही तसंच, सावकाश खाली येण्याचं काम थोडंथोडं वाढवत न्यायचं. भरतीची तारीख लागली की वस्ताद उलटं मोजतात. शेवटचे दोन आठवडे नवा व्यायाम नाही, गड नाही, पैज नाही. सकाळी सपाट रस्त्यावर पळायचं आणि रात्री वेळेवर झोपायचं.