पडद्यावरची चेटकीण आणि गावातली बाई

बंधूंनो, भगिनींनो,

नवापूरपासून भुसावळपर्यंत कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत गेलं की आईवडील हाच प्रश्न विचारतात. मुलं भुताचे सिनेमे बघतात, जादूच्या शाळेची जाडजूड पुस्तकं वाचतात, मोबाइलवर टॅरोचे पत्ते काढून भविष्य सांगणाऱ्या बाईचे रील बघतात. ख्रिस्ती घरात हे चालावं का? प्रश्न मनापासून विचारलेला असतो आणि उत्तर शास्त्रातूनच द्यायला हवं. मात्र शास्त्र जिथं नेऊन सोडतं तिथपर्यंत आपण सहसा जात नाही. आज जायचं आहे.

बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायातली यादी तुम्हाला ठाऊक आहे. ज्योतिष पाहणारा, शकुन पाहणारा, चेटूक करणारा, मेलेल्यांना विचारणारा, असा कोणी तुमच्यात नसावा. ही बंदी मी सौम्य करून सांगणार नाही. ज्यानं आपला उद्या देवाच्या हाती दिला, त्यानं त्याची खबर मागच्या दारानं काढायला जाऊ नये. टॅरोचं पान, देवदूतांचा संदेश म्हणून सांगितले जाणारे आकडे, ‘हा व्हिडिओ तुमच्यापर्यंत आला म्हणजे संकेतच समजा’ असं सांगणारा रील, हे सगळं त्या यादीत बसतं. गंमत म्हणून केलं तरी बसतं. आणि हे कळायला ख्रिस्तीच असावं लागतं असंही नाही. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी ज्योतिषाला सांगितलं, माझा हात पाहू नकोस. तेही वैधव्य सोसत असताना, म्हणजे माणसाला असल्या आधाराचा मोह सर्वांत जास्त होतो तेव्हा. त्या ओळी मी आमच्या शब्बाथ शाळेतल्या मुलांना शिकवतो.

आता प्लँचेट, म्हणजे मेलेल्यांच्या आत्म्यांना बोलावून प्रश्न विचारणं. होस्टेलांत अजून चालतं: कागदावर अक्षरं, उपडी वाटी, तिच्यावर तिघाचौघांची बोटं. अमेरिकेत याच धर्तीच्या ओइजा बोर्डाला 1891 साली पेटंट मिळालं ते खेळ म्हणूनच. 1973 साली ‘द एक्झॉर्सिस्ट’ या सिनेमातली मुलगी त्या बोर्डाशी खेळताना दिसली आणि मग लोक त्या फळीला भ्यायला लागले. वाटी कोण सरकवतं याचं उत्तर मात्र फार जुनं आहे. 1853 साली लंडनमध्ये आत्म्यांनी टेबलं फिरवण्याची लाट आली होती. मायकेल फॅरडेनं साधी उपकरणं लावून दाखवून दिलं की टेबल हलवणारे हात तिथं बसलेल्या माणसांचेच आहेत, त्यांना स्वतःला ते कळत नाही इतकंच. हा फॅरडे म्हणजे शाळेत आपण विजेच्या धड्यात शिकतो तोच, आणि तो अत्यंत निष्ठावंत ख्रिस्ती होता. त्याच्या श्रद्धेला या तपासणीनं कुठेही धक्का लागला नाही. मग मी मुलांना प्लँचेटला बसू नका असं का सांगतो? कारण त्या वाटीभोवती बहुधा कुणीतरी नुकतंच आई गमावलेलं पोर असतं. त्याच्या दुःखाला खोटं उत्तर देणं हे पाप आहे, वाटीत आत्मा असो वा नसो.

जादूच्या कथांबद्दल मी फार वेळ घेणार नाही. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक 1997 साली आलं. 2001 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अलामोगोर्डो इथं, एका मंडळीनं ही पुस्तकं जाळली. अशा जाळण्याला इफिस शहराचा दाखला दिला जातो. तो दाखला उघडून वाचा, प्रेषितांची कृत्ये, 19 वा अध्याय. पन्नास हजार रुप्याच्या नाण्यांची पुस्तकं जाळली गेली हे खरं. पण ती कुणाची होती? जे स्वतः जादूटोणा करत होते त्यांनी स्वतःची पुस्तकं स्वतःच्या हातानं आणली. तिथं उपदेश करणाऱ्या प्रेषित पौलानं कुणाच्या घरात शिरून ती काढली नाहीत. शिवाय ती करण्याची पुस्तकं होती, गोष्टीची नव्हती. मुलानं गोष्ट वाचली म्हणून तो मांत्रिक होत नाही. सी. एस. लुईस हा ख्रिस्ती लेखक 1942 साली आलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत म्हणतो की सैतानी शक्तींबाबत माणसं दोन उलट्या चुका करतात: काही त्या नाहीतच असं मानतात, काही त्यांच्यात नको तितकं मन घालतात. आपल्या मंडळ्यांतला धोका मला दुसऱ्या चुकीचा वाटतो. पवित्र आत्म्याबद्दल दहा मिनिटं आणि दुष्टात्म्याबद्दल दीड तास, अशी प्रवचनं मी ऐकली आहेत. वाईट वाटतं.

आता मुख्य गोष्ट.

सिनेमातून भूत बाहेर येऊन मुलाला धरेल, ही भीती मला नाही. मला भीती वाटते ती सिनेमा दुष्टपणाला जो चेहरा देतो त्याची. तो चेहरा जवळजवळ नेहमी बाईचा असतो. केस मोकळे, पाय उलटे, गावाबाहेरची झोपडी, एकटी राहणारी. आणि डोंगरातला भगत दिसला की तो कवटी घेऊनच बसलेला. ज्या भगताला रानातल्या पाल्याची माहिती आहे, जो बाळंतिणीला मुळी उगाळून देतो, तो पडद्यावर कधी दिसत नाही. मुंबईच्या मुलाला हा चेहरा म्हणजे करमणूक. आपल्याकडे, वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवण्याच्या घटना घडत आल्या आहेत. मूल दगावलं, गाय आटली, लागोपाठ दोघं आजारी पडले की कुजबुज सुरू होते, ‘तिनी नजर वाईट शे.’ आणि ती बहुधा विधवा असते, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो, तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं. मारहाण होते, गाव सोडावं लागतं, जीवही जातो. पडद्यावरच्या त्या बाईला पाहून आपली मुलं टाळ्या वाजवतात तेव्हा त्यांना हे माहीत असावं.

इथं ख्रिस्ती माणसानं मान खाली घालायला हवी. निर्गम 22:18, चेटकिणीला जिवंत राहू देऊ नये, हे वचन हातात घेऊन युरोपात 15 व्या ते 18 व्या शतकांत सुमारे 40 ते 60 हजार माणसं मारली गेली, त्यांत बहुसंख्य बायका. त्याआधी, 10 व्या शतकातल्या चर्चच्या नियमांत चक्क असं लिहिलेलं होतं की रात्री आपण आकाशातून फिरतो असं सांगणाऱ्या बायका भ्रमात आहेत आणि ते खरं मानणारा श्रद्धेपासून ढळला आहे. हे शहाणपण चर्चजवळ होतं आणि चर्चनं ते गमावलं. 1631 साली फ्रिडरिष श्पे या जर्मन जेझुइट पाद्र्यानं नाव न घालता पुस्तक काढून बजावलं की छळ केला तर कुणीही चेटकीण असल्याचं कबूल करेल. नाव घालण्याइतकी सोय त्याला नव्हती.

आणि शुभवर्तमानं काय सांगतात? येशूनं बाधा झालेली कितीतरी माणसं बरी केली. त्यांतल्या एकालाही त्यानं विचारलं नाही की तुझ्यावर हे कुणी केलं. एकदाही शेजारणीचं नाव पुढं आलं नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? त्यानं तो प्रश्नच खोडून काढला. याहून मोठी गोष्ट मार्काच्या 3 ऱ्या अध्यायात आहे. यरुशलेमेहून आलेले शास्त्री म्हणाले, याला बालजबूल लागला आहे, भुतांच्या अधिपतीच्या साहाय्यानं हा भुतं काढतो. म्हणजे चेटकाचा आरोप खुद्द ख्रिस्तावर झाला. त्या आरोपीचे अनुयायी असताना आपण बोट दाखवणाऱ्यांच्या गर्दीत उभे राहू शकत नाही.

आपल्या प्रार्थनासभांबद्दलही बोलतो, राग येऊ देऊ नका. इफिसमध्येच स्कवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरायला गेले आणि उघडेनागडे, जखमी होऊन पळाले. आज तेलाची बाटली, रुमाल, ‘अमक्या नात्यातल्या बाईनं करणी केली आहे, मला दर्शन झालं’ असं सांगणारा प्रचारक, हा तोच प्रकार आहे. कॅथलिक चर्चमध्ये भूत काढण्याचा विधी बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुणा पाद्र्याला करता येत नाही आणि 1999 च्या सुधारित विधीत आधी आजार नाही ना हे पाहायला सांगितलं आहे. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा लगाम नाही, तो आपण स्वतः घालून घ्यावा. झटके येणाऱ्या पोराला आधी दवाखान्यात न्या, प्रार्थना वाटेत करा.

राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले आणि त्यांच्या खुनानंतर तो आला. एखादी व्यक्ती करणी करते, सैतान आहे, असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5 ते 50 हजार रुपये दंड. सांगणारा भगत असो, बुवा असो की बायबल हातात घेतलेला प्रचारक, कायदा सारखाच.

तुमच्या पाड्यावर असं नाव निघालं तर वाट पाहू नका. मंडळीतल्या दोन जाणत्या बाया आणि पाळक यांनी त्याच दिवशी तिच्या घरी जावं, तिथं जेवावं, रात्री एकीनं मुक्काम करावा. कायद्यानं नेमलेला दक्षता अधिकारी पोलिस ठाण्यात असतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांनी सभेनंतर पुढच्या बाकांवर थांबावं, आपण आत्ताच नमुना लिहून घेऊ.