आपलाच तुकडा परक्या कानाने: घरी केलेलं अँबियंट संगीत तपासायचं कसं

(स्क्रीन काळी. वीस सेकंद फक्त आवाज: पाऊस, तंबोरा, वर एक लांबलेला सूर, मध्येच एक घंटा. मग मी समोर.)

नमस्कार मंडळी. आत्ता ऐकलंत तो तुकडा मी गेल्या जूनमध्ये केला, इथेच गोव्यात, माशेलला, याच टेबलावर. सात मिनिटांचा आहे आणि त्याला तीन आठवडे लागले. पूर्ण झाला त्या रात्री मी तो चार वेळा ऐकला. चारही वेळा मला भरून आलं. पाच दिवसांनी सकाळी भाजी चिरताना लावला, तर दुसऱ्याच मिनिटाला उठले आणि हात धुवून बंद करून आले. का, ते सांगता येईना. नकोसा झाला, एवढंच.

आजचा व्हिडिओ त्या ‘का’चा माग काढण्याबद्दल आहे.

गाणं चुकलं तर लगेच कळतं. गायक बेसूर होतो, ठेका सुटतो, शब्द अडखळतात. अँबियंटमध्ये ठेका नाही, मुखडा नाही, शब्द नाहीत. त्यात भरपूर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या देवळात आवाज घुमावा तसा नाद, ओतला की जवळपास काहीही बरं वाटतं. चूक आतच राहते आणि ऐकणाऱ्याला नुसती चुळबूळ देते. तो म्हणतो, ‘छान आहे’, आणि पुन्हा कधी लावत नाही. मला ही सगळ्यात वाईट दाद वाटते.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: ‘अँबियंट’ हे नाव रूढ केलं ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराने, १९७८ मध्ये, विमानतळासाठी म्हणून केलेल्या एका अल्बमने. लक्ष देऊन ऐकाल तर काही हाती लागावं, नाही दिलंत तर खोलीत उजेडासारखं राहावं, अशी ती कल्पना. आता गोवा आणि इलेक्ट्रॉनिक म्हटलं की बाहेरच्यांना हणजूण-वागातोरचा ट्रान्स आठवतो, मिनिटाला एकशेचाळीस आणि वर ठोके. तोही इथलाच. पण मी वाढले त्या घरात रात्री पोफळींवर पडणारा पाऊस ऐकू येतो, बेडूक ऐकू येतात, आणि आषाढात देवळातलं भजन. मला ते करायचं आहे.

सामान फार नाही. लॅपटॉप, रीपर हे ट्रॅक रेकॉर्ड करून जुळवायचं सॉफ्टवेअर, व्हाइटल नावाचा फुकट मिळणारा सिंथ, म्हणजे लॅपटॉपमध्येच सूर घडवणारं वाद्य, बॅटरीवरचा छोटा रेकॉर्डर, बऱ्यापैकी हेडफोन. पावसाळ्यात रेकॉर्डर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आपल्या दमटपणात माइक करकरायला लागतो. आणि आजोबांचा तंबोरा. ते भजनात गायचे, काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून. तो अजून त्याच पट्टीत लावते.

(रेकॉर्डर हातात.)

तर त्या तुकड्याचं काय बिघडलं होतं. मी मूळ रेकॉर्डिंग उघडलं, कुठलाही इफेक्ट नसलेलं. माजघरात बसून बारा मिनिटं तंबोरा छेडला होता, बाहेर पाऊस. त्यातला पहिल्या तीन मिनिटांतला एक भाग कापून मी त्याचा लूप केला होता, म्हणजे तोच भाग पुन्हा पुन्हा वाजत राहील असा. आता पूर्ण ऐकत गेले. तीन मिनिटं बारा सेकंदांना वीज गेली. रेकॉर्डर बॅटरीवर, तो चालूच राहिला. ऐका.

(क्लिप: वीज जाण्याच्या आधीचे आणि नंतरचे सहा-सहा सेकंद.)

फरक कळला? वीज गेल्यावर तंबोरा एकदम मोकळा झाला. कुणीतरी छातीवरचा हात काढावा तसा. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठला सूर कधी वाजतोय त्याचं चित्र, काढला तर १०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांवर, एक सरळ रेघ, ३:१२ पर्यंत. पुढे रेघ नाही. तो स्वयंपाकघरातला फ्रिज होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि मोटरची, ट्रान्सफॉर्मरची घरघर बहुधा तिच्या दुपटीला उमटते.

आता मला शहारा आला ती गोष्ट. पेटीवर पांढरी पाच, खालच्या सप्तकातली, म्हणजे ९८ हर्ट्झ. १०० म्हणजे तोच सूर, जरा चढा. आणि काळी एकला षड्ज धरला तर पांढरी पाच काय येते? तीव्र मध्यम, पंचमाला खाली अगदी खेटून बसणारा सूर. म्हणजे सबंध तुकड्यात तंबोरा षड्ज-पंचम सांगत होता आणि त्याखाली कुणीतरी न थांबता चढा तीव्र मध्यम धरून होतं. इतका हळू, की कानाला सूर म्हणून कळत नव्हता. पण भाजी चिरताना मला उठवायला तेवढा पुरला.

यावर फिल्टर लावता येतो, १०० आणि २०० वर बारीक खाच पाडायची. मी तसं केलं नाही, कारण तिथेच तंबोऱ्याचं अंगही आहे. पुन्हा रेकॉर्ड केलं, फ्रिज बंद करून. बंद करताना स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेवते. फ्रिज चालू केल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही.

दुसरी चूक मी तीन आठवडे गुण समजत होते. तंबोऱ्यावर सिंथचा गंधार धरला होता, चार मिनिटं लांब. त्याला एक बारीक थरथर होती. मला वाटायचं, वा, काय जिवंत सूर आहे. गाणारे जाणतात की चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात गंधार आपोआप बोलतो, षड्जाच्या तारेच्या पाचव्या स्वरांशातून, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांनी सोबत वाजणाऱ्या बारीक सुरातून. आणि कीबोर्डवरचा गंधार त्याच्यापेक्षा साधारण १४ सेंट (कीबोर्डच्या दोन शेजारच्या घरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातले चौदा) चढा असतो, कारण कीबोर्डची बारा घरं सारखी वाटून दिलेली आहेत. हिशेब सांगते. काळी एक, १३८.६ हर्ट्झ. तिचा पाचवा स्वरांश ६९३. कीबोर्डच्या गंधाराचा चौथा स्वरांश ६९८.५. दोघे एकमेकांना घासतात आणि सेकंदाला पाच-साडेपाच झटके ऐकू येतात. दोन सेकंदांच्या सुरात ते गोड लागतं. चार मिनिटांत कानाजवळ डास फिरावा तसं होतं.

(व्हाइटलची स्क्रीन. फाइन ट्यूनची खुंटी १४ ने खाली येते, थरथर थांबते.)

थांबली. तुमच्या तुकड्यात तंबोरा किंवा तसा कुठलाही नैसर्गिक षड्ज नसेल तर या भानगडीत पडू नका. असेल तर गंधार खाली आणा. पंचमात फरक दोनच सेंटचा, तो सोडून द्या.

लूपबद्दल एकच सांगते. मी आधी आठ, बारा आणि सोळा सेकंदांचे लूप ठेवले होते. ते दर ४८ सेकंदांनी पुन्हा त्याच जागी भेटतात आणि कान ते पकडतो. मग पावसातही पाळणा हलतोय असं वाटतं. आता तेरा, सतरा आणि एकोणीस सेकंद. हे तिघे पुन्हा एकत्र सुरू व्हायला ४१९९ सेकंद लागतात, म्हणजे सत्तर मिनिटांना एक सेकंद कमी. ईनोनेही टेपच्या वेगवेगळ्या लांबीच्या चकत्यांनी हेच केलं होतं. मूळ संख्या घ्या, काम झालं.

आता खरं काम. ऐकणं.

(वही दाखवते. चौकोनी रेघांची, शाळेची.)

या वहीत माझा एक नियम आहे: विशेषण लिहायचं नाही. छान, शांत, गूढ, मस्त, काही नाही. फक्त वेळ आणि काय घडलं ते. आणि ऐकायचं ते हाताला काम असताना, कारण तुमचा ऐकणाराही तसाच ऐकणार आहे. कपड्यांच्या घड्या, भांडी, नारळ खवणं. एका दिवसाचं पान वाचते.

‘१:५० – खांदे सैल.
२:४० – उठून पंखा कमी केला. उकडत नव्हतं, गारही नव्हतं.
४:०५ – फोन हातात.
४:५० – अजून फोन.
६:१० – पाऊस बाहेरचा की आतला कळलं नाही.’

२:४० ला पंखा का कमी केला? तिथे जाऊन ऐकलं तर पावसाच्या दोन रेकॉर्डिंग एकमेकांवर होत्या, एक कौलांवरचा, एक पत्र्यावरचा. पत्र्याचा पाऊस म्हणजे सगळ्या सुरांचा एकदम फेस, तो दुसरं काही ऐकू देत नाही. माझा कान गोंगाट कमी करू पाहत होता आणि हात पंख्याकडे गेला. पत्र्याचा पाऊस काढून टाकला. जीव तुटला, कारण तो मी भिजत रेकॉर्ड केला होता. पण आपण किती भिजलो ते ऐकणाऱ्याला ऐकू येत नाही.

४:०५ चा फोन वेगळा. तो कंटाळा. फिल्टर उघडत, म्हणजे हळूहळू उजळत, जाणारा एक सूर ३:५० ला पूर्ण उघडून थांबला होता आणि पुढे मिनिटभर काहीच हलत नव्हतं. इथे गल्लत होते. ‘अँबियंट म्हणजे काही घडूच नये’ असं पुष्कळ जण धरून चालतात. खाडीचं पाणी बघा. भरती चढताना क्षणाक्षणाला दिसत नाही, पण मान वळवून परत पाहिलंत तर दगड बुडालेला असतो. मिनिटभराने परत ऐकलं तर काहीतरी सरकलेलं असावं. त्या मिनिटात काही सरकलं नव्हतं, म्हणून तो कापला.

आणि ६:१०. ती नोंद मी लाल पेनाने गोल केली. तिथे हात लावायचा नाही.

एक मोठा फसवा भाग आहे आवाजाच्या पातळीचा. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवली की जी एक-दोन डेसिबल मोठी, ती कानाला चांगली वाटते. बहुतेक वेळी. म्हणून आधी दोन्ही सारख्या पातळीवर आणा, मग निवाडा करा. शिवाय हे संगीत लोक हळू आवाजात लावतात. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मोजून दाखवलं की पातळी खाली आणली की खर्जातले सूर कानाला इतर सुरांपेक्षा फार जास्त कमी होतात. म्हणजे हेडफोन फुल्ल करून ठरवलेला खर्ज उशाशी हळू लावलेल्या स्पीकरवर गायब.

मला हे घुमटाने शिकवलं. चवथीच्या आरतीला आमच्याकडे घुमट वाजतं, मातीचं. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, कायद्याने बंदी आल्यापासून बकऱ्याचं. २०१९ मध्ये ते राज्याचं वारसा वाद्य जाहीर झालं. चामड्यावर थाप पडते आणि मागचं उघडं तोंड दुसऱ्या तळहाताने झाकलं-उघडलं की आवाज आत घुमतो. तो एक ठोका मी चौपट संथ केला. दोन सप्तकं खाली गेला. हेडफोनमध्ये पोटात जाणवायचा. फोनवर लावला तर त्या जागी शांतता, इतकी की तुकडा संपला असं वाटावं. आता त्याच ठोक्याची एक प्रत मूळ उंचीवर, अगदी हळू, सोबत ठेवते. फोनवाल्याला ती मिळते, मोठ्या स्पीकरवाल्याला दोन्ही.

वही भरून झाली की दुसरा माणूस. त्याला ‘कसं वाटलं’ विचारायचं नाही. दुसऱ्या खोलीत लावून त्याच्याकडे बघायचं. माझी आई पडवीत सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती. मधेच तिने हात थांबवला, मान वर केली, मग परत सोलायला लागली. संपल्यावर म्हणाली, “बाय, मध्ये घंटा कशाला वाजवलीस? मला वाटलं देवळात आरती लागली, मी उठत होते.”

मी किती वेळ गप्प बसले. ती घंटा मी एका सॅम्पल पॅकमधून, म्हणजे तयार आवाजांच्या संचातून, घेतली होती. परदेशात बसलेल्या कुणाला ती नुसता चकाकणारा सूर वाटत असेल. इथे घंटेला अर्थ आहे. देवळाची असो, संध्याकाळची चर्चची असो, ती माणसाला बोलावते. विसावा द्यायला केलेल्या तुकड्यात मी दर सतरा सेकंदांनी आईला हाक मारत होते.

घंटा काढली. तिच्या जागी हे.

(पितळी पातेलं. बोटाला फडकं गुंडाळून काठावर हळू थाप. लांब, मऊ सूर.)

याला सुरुवात नाही ऐकू येत. फडक्याने टोक खाल्लं, मागची आस राहिली. आईला पुन्हा ऐकवलं, यावेळी तांदूळ निवडताना. हात थांबला नाही.

आणखी एक सवय: महिनाभराने तुकडा उघडायचा आणि एकेक ट्रॅक बंद करून ऐकायचा. बंद केल्यावर तो कुठला होता हे आठवावं लागलं, तर तो परत चालू करायचा नाही. चौदा ट्रॅक होते माझे. सहा राहिले. शेवटी रिव्हर्ब पूर्ण काढून एकदा ऐका. उघडे सूर एकमेकांशेजारी बरे बसत असतील तरच त्यावर ते पांघरूण घाला, आणि त्यातला २०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका, नाहीतर सगळं शेवाळतं.

सात मिनिटांचे पाच मिनिटं चाळीस सेकंद झाले. आता लावते. स्क्रीनकडे बघायची गरज नाही, इथे फक्त खिडकी दिसेल. हातात काही काम असेल तर ते चालू ठेवा, आवाज नेहमीपेक्षा जरा कमी. कुठे हात थांबला, तर घड्याळ बघा.

(तंबोरा. खिडकीबाहेर पोफळी. पाऊस.)