खारपाणपट्ट्यातला समुद्र

(सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. ओळख करून देताना अध्यक्षांनी मला 'मत्स्यतज्ज्ञ' म्हटलं. तसं काही नाही. माझं दुकान मोटार रिवाइंडिंगचं. जळालेल्या सबमर्सिबल माझ्याकडे येतात, हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. उरलेल्या निम्म्यांकडे माझी उधारी आहे.

आपण राहतो खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. बोअर मारली की खारं पाणी. आणि अशा गावात माझ्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. मासे आणि मऊ प्रवाळ, दोन्ही त्यात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. शेजारचे काका एकदा दारात उभे राहून म्हणाले, "मीठ काढाले मशीन, अन् मंग मीठ टाकाले पैसे! काऊन रे बावा?" प्रश्न बरोबर आहे. आपल्या बोअरचं पाणी खारं असलं तरी ते समुद्राचं नाही. समुद्रात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यात मुख्य सोडियम आणि क्लोराइड, पण मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हेही ठरलेल्या प्रमाणात. आपल्या पाण्यात कुठला क्षार किती, हे विहिरीविहिरीला बदलतं. म्हणून आधी आरओने सगळं काढायचं, टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, शून्याजवळ आणायचा आणि मग समुद्री मिश्रण मोजून घालायचं. घरच्या आरओला चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळणारा एक स्क्रू असतो, तो पूर्ण बंद करावा लागतो. मला हे सहा महिने कळलं नव्हतं.

लोणारचं पाणी आणा, असंही सुचवून झालंय. लोणार खारं आहे खरं, पण ते सोड्याचं पाणी. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, दहाच्या वर. समुद्राचा पीएच आठाच्या थोडा वर. २०२० च्या जूनमध्ये लोणार गुलाबी झालं ते ज्या सूक्ष्मजीवांमुळे, त्यांना ते पाणी मानवतं. माझ्या माशांना तास-दोन तासही मानवणार नाही.

आता मूळ विषय, म्हणजे जुन्या टाकीतला संसार नव्या मोठ्या टाकीत हलवणं. माझी जुनी टाकी तीन फूट लांब होती, खडक-वाळू वजा जाता पाणी एकशेतीस लिटर. तीन वर्षं चालवली. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश, दुपारी लाइन गेली की दोन तासांत टाकीचं पाणी एकतीसवर. प्रवाळांना सत्तावीसच्या आत बरं वाटतं. तीसच्या वर बराच काळ राहिलं, तर त्यांच्या अंगातलं शेवाळ निघून जातं आणि ते पांढरे पडतात. मोठं पाणी उशिरा तापतं, त्यात मेलेल्या एखाद्या गोगलगाईची घाणही पातळ होते. म्हणून चार बाय दोन बाय दोनची टाकी केली. तोंड मोठं झालं, म्हणून रोज उडणारं पाणीही वाढलं, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. नाहीतर टाकी हळूहळू मिठागर होते.

तुम्हाला वाटेल, टाकी हलवणं म्हणजे मासे हलवणं. मासे हलवायला मला दहा मिनिटं लागली. खरं हलवायचं असतं ते डोळ्यांना न दिसणारं. इथे बसलेल्या शेतकऱ्यांना हे शहरातल्या हौशी लोकांपेक्षा लवकर समजेल. वावरात युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो, मातीतले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि ते पऱ्हाटी उचलते. १८९० च्या सुमारास विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे काम दोन वेगवेगळे जिवाणू करतात हे दाखवलं. टाकीत तेच चालतं. मासा अमोनिया सोडतो आणि जिवाणू त्याचं विष उतरवतात. पाणी साचलेल्या वावरातून नत्र हवेत उडून जातं, तसंच खडकाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे नायट्रेटचा वायू होऊन जातो. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, खडकाला आणि वाळूला चिकटून राहतात. म्हणजे जुना खडक हे विरजण. ते ओलं राहिलं पाहिजे.

खाऱ्या पाण्यात घाई जास्त नडते, याचंही कारण आहे. पीएच सातच्या पाण्यात एकूण अमोनियापैकी शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो. समुद्राच्या पीएचला तो सात-आठ भागांवर जातो. गोड्या पाण्यात खपून गेलेली चूक इथे खपत नाही.

खडकांवरून आठवलं. माझे खडक समुद्रातून फोडून आणलेले नाहीत, भाजलेल्या सच्छिद्र सिरॅमिकचे आहेत. दगडी प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांच्या वाटेला जाऊ नये. माझ्याकडे मऊ प्रवाळ आहेत आणि क्लाउनफिशची एक जोडी आहे, तीही टाकीतच जन्मलेली. तमिळनाडूत मंडपमला असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात या माशांची पैदास करून दाखवलेली आहे, मग समुद्रातून पकडायचं कशाला? या जातीत सगळे जन्मतात नर म्हणून, आणि गटातला सगळ्यात मोठा मासा मादी होतो. आमच्या घरीही साधारण तसंच चालतं, पण तो विषय आज नको.

दिवाळीनंतर उन्हं उतरली तेव्हा काम काढलं. टाकी, पाणी, खडक मिळून साडेपाचशे किलोंच्या आसपास, म्हणजे साडेपाच क्विंटल कापूस चार फुटांत. जमीन सारवलेली असेल तर विचारही करू नका. काँक्रीटवर कडप्पा, त्यावर लोखंडी स्टँड, त्यावर थर्मोकोल. लेव्हल गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने पाहिली. चार मिलिमीटरचा फरक निघाला तो पत्र्याच्या चकत्या लावून काढला.

जुन्यातलं शंभर लिटर पाणी चालणार होतं, नवं दोनशे सत्तर लागणार होतं. म्हणजे दहा किलो मीठ. आरओ जेमतेम तासाला दहा लिटर देतो आणि तिप्पट पाणी बाहेर टाकतो. आपल्याकडे ते टाकून देणं पाप आहे, आणि ते इतकं खारं की झाडालाही घालता येत नाही. अंगण आणि संडास धुवायला पुरवून पुरवून वापरलं, पाच दिवस लागले. मीठ पाण्यात टाकावं, पाणी मिठावर ओतू नये. नाहीतर चुना खाली बसतो. रात्रभर पंप लावून ढवळलं. ड्रम नवेच हवेत. फवारणीचा ड्रम सात वेळा धुतला तरी चालत नाही. संत्र्याला लावतो त्या बोर्डोमध्ये मोरचूद असतो, म्हणजे तांबं, आणि तांब्याने कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ सगळे मरतात.

यावरून घरात भांडण झालं. मी टाकीशी वाकलेलो, आणि आईने मदत म्हणून पाणी भरून आणलं ते पितळी गुंडात. पितळेत तांबंच जास्त. मी ओरडलो. ती म्हणाली, "माह्या माहेरचा गुंड हाये. त्याच्यातलं पाणी देवाले चालते, तुह्या मासोईले चालत नाई काय?" तो गुंड तिने उंबऱ्याबाहेर ठेवला, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

हलवण्याचा क्रम साधा. जुनं पाणी वरून वरून ड्रममध्ये, खडक त्याच पाण्यात बुडवून, प्रवाळ वेगळ्या बादलीत, मासे शेवटी. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा. झोअँथिड नावाच्या फुलासारख्या प्रवाळांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. तो खडक घासू नका आणि उकळू तर मुळीच नका, वाफेनेही माणूस आजारी पडतो.

माझी चूक झाली वाळूत. तीन वर्षं बसलेल्या वाळूखाली काळा थर होता. उचलला तसा कुजक्या अंड्यांचा वास घरभर सुटला, नालीतला गाळ ढवळल्यासारखा. ती फेकून द्यायची, विरजणापुरती वाटीभर वरची वाळू ठेवायची, हे मला माहीत होतं. पण वाळू महाग पडली होती. अर्धी धुऊन नव्या टाकीत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी अमोनियाच्या चाचणीची नळी पिवळी राहायला हवी होती, ती हिरवी झाली. एक लहान गोबी मासा खडकाखाली मेलेला सापडला. जादा म्हणून कालवून ठेवलेलं साठ लिटर पाणी होतं, ते बदललं. वाळू काढली, आठवडाभर दिवसाआड तेच काम. नवा मासा चार महिने घेतला नाही.

लेदर कोरल नावाचा प्रवाळ आहे. आई त्याला कुत्र्याची छत्री म्हणते. हलवल्यावर तो आकसला, अंगावर मेणासारखी साय धरली. मेला समजून मी काढायला निघालो होतो. नवव्या दिवशी संध्याकाळी साय एका कडेने सुटली, पंपाच्या धारेत लोंबली आणि पडली. खालून केसांसारखे बारीक तंतू बाहेर आले, आधी दहा-बारा, मग सगळीकडे. आई बाजूला निवडायला तूर घेऊन बसली होती. तिने परात खाली ठेवली आणि बराच वेळ पाहत राहिली.

ज्यांना टाकी पाहायची आहे त्यांनी संध्याकाळी सातनंतर या, दुपारी लाइनचा भरवसा नाही. आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेला हात कृपा करून पाण्यात घालू नका. धुतलेला असला तरी नको.